दुसरं खोकं

"सुमंत, तुझं वाजतंय का?"

मुकुंदशेठ मुथांनी गाणं मधेच थांबवून हे विचारलं, तेव्हा मी कपाळावरचा घामही न पुसता वाजवत होतो. बेस गिटारच्या चारही तारा सुरात होत्या, अँप्लिफायरचा दिवा लागलेला होता, आणि माझ्या दोन्ही बाजूंना मी स्वतःच्या हातांनी बांधलेली स्पीकरची दोन खोकी कमरेएवढी उंच उभी होती.

"वाजतंय की," मी म्हणालो.

"मग ऐकू का येत नाही?"

ढोलकीवाला फिस्सकन हसला. कीबोर्डवर बसलेल्या विनोदने डावा हात खालच्या पट्ट्यांवर नेला आणि बेसची तीच ओळ वाजवून दाखवली. मंगल कार्यालयातल्या लोखंडी खुर्च्या थरथरल्या. विनोद मनाने वाईट नव्हता. आपण मदत करतोय असंच त्याला वाटलं असणार.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या जानेवारीतली, नगरची. बेस गिटार हे असलं वाद्य आहे की ते वाजत असताना त्याची कुणी चौकशी करत नाही, थांबलं की सगळे करतात. माझं वाजत असतानाच चौकशी सुरू झाली होती. चार वर्षं मी एकाच खोक्यावर निभावून नेलं होतं. पण त्या हंगामात मोठमोठ्या मैदानांवरची आठ गॅदरिंग ठरली, एक खोकं पुरेना, म्हणून मी वर्कशॉपमधून प्लायवूडचे तुकडे मागून आणले आणि दिवाळीनंतर दुसरं बांधलं. एकाची दोन झाल्यावर आवाज दुप्पट व्हायला हवा की नको? इथे होता तोही गेला. नुसता पत्र्याचा डबा बडवल्यासारखा टकटकाट येत होता, खर्ज म्हणून नावाला नव्हता.

सगळे चहा प्यायला बाहेर गेले तेव्हा मुकुंदशेठ माझ्याजवळ आले. ते ऑर्केस्ट्राचे मालकही होते आणि गायकही, त्यामुळे वाईट गोष्टसुद्धा गोड गळ्याने सांगत.

"पुढच्या रविवारी शेवटची ट्रायल आहे. तोपर्यंत बेस नीट आला तर तू आहेसच. नाहीतर विनोदचा डावा हात मोकळाच असतो. मला वाईटपणा घ्यायचा नाही, सुमंत."

"येईल शेठ. नक्की येईल."

"आला पाहिजे."

त्या एका आठवड्यावर माझं काय अवलंबून होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आई जाऊन दहा महिने झाले होते. तारकपूरच्या एका खोलीत मी एकटा राहत होतो. दिवसभर गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करायचो, तिथे करवतीच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे. रविवारी सकाळी चर्चच्या दारात चार जण हात मिळवत, "कसं काय, सुमंत?" म्हणत, आणि उत्तर ऐकायच्या आत आपापल्या घरच्या मटणाकडे निघून जात. मग दुपारी ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस. तिथे चहा होता, चेष्टामस्करी होती, मला उशीर झाला तर "कुठे उलथला होतास?" असं विचारणारी माणसं होती. ते गेलं असतं तर शनिवारी कामावरून सुटल्यापासून सोमवारच्या हजेरीपर्यंत माझं तोंड उघडायचं काही कारणच उरलं नसतं. मला त्याची भीती वाटत होती. चौतिसाव्या वर्षी असं कबूल करायला लाज वाटायची, आता वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी दुसरं खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि सायकल हातात धरून चालत माळीवाड्यात दगडूनाना चोभ्यांकडे गेलो. नाना स्पीकर आणि मोटारी भरून द्यायचे. जळालेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळून बसवायची, हे काम ते चाळीस वर्षं करत होते. माझ्या दोन्ही खोक्यांतले स्पीकर त्यांनीच भरलेले. पहिला चार वर्षांपूर्वी, दुसरा आत्ता दिवाळीनंतर.

नाना सत्तरीला आले होते. थंडीमुळे त्यांनी घोंगडीसारखी जाड शाल अंगाभोवती लपेटली होती, फक्त डावा हात बाहेर. वायंडिंगचं मशीनही त्यांनी फिरवून ठेवलं होतं, त्याचं हँडल आता डावीकडे आलं होतं.

"मशीन का फिरवलं, नाना?"

"ह्या अंगानं उजेड बरा येतो. खोकं आत घे."

त्यांनी दुकानातल्या अँपला खोकं जोडलं, मी गिटार वाजवली. छान घुमलं. मी चक्रावलो.

"चांगलं तर वाजतंय की रं," नाना म्हणाले.

"इथे वाजतंय. तिकडे दोन्ही जोडली की पडतं. जितका आवाज वाढवावा तितकं पातळ होतं."

नानांची डाव्या हाताची बोटं शालीच्या काठावर थांबली.

"दोन्ही जोडली की?"

"हो. लालला लाल, काळ्याला काळी, बरोबर जोडलंय मी."

नाना बराच वेळ खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं विचार करतायत. मग म्हणाले, "हवा सुटत आसंल. सांधं बघ खोक्याचं. मेणबत्ती धर सांध्याला, ज्योत हलली की तिथं सुटतीय म्हणायचं. उद्या भरून आण."

हे ऐकून सुताराला राग यायला हवा होता, माझे सांधे कधी उघडे नसतात. पण नानांच्या शब्दाबाहेर कोण जाणार! सकाळी कामावर जाण्याआधी मेणबत्ती लावून बसलो. ज्योत ढिम्म हलली नाही. तरी फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून चारही सांधे भरले आणि संध्याकाळी पुन्हा सायकल ढकलत निघालो.

मंगळवारी मी जेवणाचा डबा बरोबर घेतला होता. उशीर होईल, परत येऊन काय खायचं, म्हणून सकाळीच भरीत केलं होतं. दोन भाकरी जास्त टाकल्या. दुकानात गेल्यावर अर्धं नानांपुढे ठेवलं.

"कोणी केलं?"

"मीच."

"बायको?"

"नाही केली. आई होती तोवर गरज वाटली नाही. आता कोण देतंय?"

नाना हसले. "ठेव तिथं फळीवर. मागनं खातो."

"आत्ता गरम नाही, पण ताजं आहे. खा की."

"मागनं खातो म्हटलं ना."

मी एकट्यानेच खाल्लं. जरा लागलं मनाला. वाटलं, आपल्या हातचं यांना चालत नसेल. दुसऱ्या दिवशी मात्र रिकामा डबा घासूनपुसून फळीवर ठेवलेला होता आणि नाना म्हणाले, "भरताला तिखट कमी पडलं तुझ्या." मग पुढच्या डब्यात मी जास्त तिखट घातलं. असं चाललं.

खोक्यात मंगळवारीही दोष सापडला नाही. घरी दोन्ही जोडली की आवाज पडायचा, नानांकडे एकटं वाजवलं की घुमायचं. आम्ही स्टुलांवर समोरासमोर बसून त्या खोक्याचा विचार करत असू, आणि विचार करता करता इतर काय काय बोलणं निघे. नानांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी सुलभा श्रीरामपूरला दिलेली.

"ती म्हंती, दुकान बंद करा अन् माझ्याकडं या. जावई बी चांगलाय. पण हे बंद केलं तर सकाळी उठून जायचं कुठं?"

"खरंय."

"तुला नाय कळायचं. तू अजून कामावर जातोस."

"रविवारचं कळतं मला," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग खोक्याकडे. "कापूस भर आतनं," ते म्हणाले. "आवाज आतल्या आत धडकत आसंल. कापूस भरला की निवंल."

रात्री घरी गेल्यावर कापूस शोधला. घरात कापूस म्हणजे दोन उशा. माझी चपटी झाली होती, तिच्यात काही राम नव्हता. दुसरी आईची. दहा महिने ती खाटेच्या डोक्याशी तशीच ठेवलेली होती, अभ्रासुद्धा बदलला नव्हता. मी बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसलो. मग ब्लेडने शिवण उसवली. कापूस खोक्यात खिळ्यांनी आणि सुतळीने बसवला. सकाळी दोन्ही खोकी जोडली आणि वाजवलं. फरक नाही. रिकामा अभ्रा घडी घालून ठेवताना मला रडू आलं, आणि ते आईचं होतं की खोक्याचं हे मला सांगता आलं नसतं.

बुधवारी नानांनी खोक्याच्या पुढच्या पाटीवरच्या भोकाचं माप चुकलंय म्हणून सांगितलं. गुरुवारी मी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत नवी पाटी कापली. संध्याकाळी ती बसवून नेली. तेव्हा नाना एका रेडिओचा चिमुकला स्पीकर तपासत होते, त्याच्यावर लाल-काळ्याची खूणच नव्हती.

"मग कुठली बाजू कुठली, कसं ओळखायचं?" मी विचारलं.

नानांनी खणातून पेन्सिल सेल काढला. "हे बघ. सेलची टिकली एका बाजूला लाव, बूड दुसऱ्या बाजूला. कागद बाहेर आला की टिकलीची बाजू लाल. आत गेला की उलटं." त्यांनी सेल टेकवला. स्पीकरचा कागद टक्कन बाहेर आला.

"एवढंच?"

"एवढंच," नाना म्हणाले. मग सेल पुन्हा खणात टाकून खण लावला आणि माझ्या डब्याकडे हात करून विचारलं, "आज काय?"

"मेथी."

"ठेव फळीवर."

शुक्रवारी सकाळी मी घरी दोन्ही खोकी जोडून शेवटचं बघत होतो. हातात दोनच दिवस. नवी पाटी, भरलेले सांधे, आतला कापूस, सगळं झालं होतं, आणि आवाज तसाच फुसका. वैतागून मी दुसऱ्या खोक्याला लाथ मारली. त्या हिसक्याने त्याची एक वायर सुटली. तार अजून घुमत होती, आणि खोली एकदम भरून गेली. खिडकीची काच वाजली. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली.

एक खोकं बंद पडलं आणि आवाज वाढला. मी उभाच राहिलो. वायर लावली, आवाज गेला. काढली, आला. तीन-चार वेळा केलं. सुतार असलो तरी एवढं मला कळलं की दोन्ही एकमेकांचा आवाज खातायत. बॅटरीतला सेल काढला, पहिल्या खोक्याच्या स्पीकरला लावला. कागद बाहेर आला. दुसऱ्याला लावला. आत गेला.

मला पहिल्यांदा आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला असेल. मग डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने सेल लावून बघायला शिकवलं, त्याने चार दिवसांत माझ्या स्पीकरला सेल लावून बघितला नव्हता? मेणबत्ती, कापूस, भोक. आईची उशी.

मी स्पीकर खोलून गोणपाटात बांधला आणि कामावरून सुटल्या सुटल्या माळीवाडा गाठला. दुकानात शेळके उभे होते, मंडप आणि लाउडस्पीकरवाले. नानांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचे भरलेले चार स्पीकर फळीवर होते, ते न्यायला आले होते. मी थांबायला हवं होतं. ते गेल्यावर बोलायला हवं होतं. हे मला आत्ता कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं.

मी स्पीकर टेबलावर ठेवला आणि सेल लावला. कागद आत गेला.

"काय आहे हे, नाना?"

नानांनी डाव्या हाताने शाल आणखी ओढून घेतली.

"तुम्हीच दाखवलंत ना काल? बाहेर यायला पाहिजे. हा आत का जातो? कॉइल उलटी भरलीय! चार दिवस मला खोकं तासायला लावलंत!"

शेळके पुढे झाले. "उलटी म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्या सरळ स्पीकरबरोबर लावलात की आवाज खाणार तुमचा."

शेळक्यांनी माझ्या हातातून सेल घेतला आणि फळीवरच्या आपल्या पहिल्या स्पीकरला लावला. आत. दुसऱ्याला. आत. ते सावकाश माझ्याकडे वळले. "दसऱ्यापासून माझ्या स्टेजवर दम नाय. ह्यांच्याकडचं दोन अन् जुनं दोन लावतो मी. अँप्लिफायरवाल्याला शिव्या घालतोय तीन महिनं." मग ते मशीनकडे बघायला लागले, डावीकडे आलेल्या हँडलकडे. माणूस हुशार होता. "नाना, उजवा हात बघू."

"थंडी हाय," नाना म्हणाले.

"नाना."

नानांनी शाल बाजूला केली. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं आत वळलेली होती.

"दसऱ्याच्या आधी झालं," ते म्हणाले. "गावाला गेलोय म्हणून पाटी लावली अन् पंधरा दिवस वर माळ्यावर पडून व्हतो. सुलभालाबी ताप म्हणून सांगितलं. मग मशीन फिरवून डाव्यानं भरायला शिकलो. पैल्यासारखीच बसती कॉइल, एक तार इकडची तिकडं नाय. पण मशीन फिरवलं की तार उलटी गुंडाळती, हे ध्यानातच आलं नाय. चाळीस वर्सं सुरुवातीचं टोक लालला जोडतोय. हात आपोआप तिकडंच जातो."

शेळक्यांनी चारही स्पीकर एकेक करून आपल्या टेम्पोत नेऊन ठेवले. शेवटचा उचलताना म्हणाले, "नाना, राग मानू नका. माझा धंदा लोकांसमोर वाजवायचा हाय." आणि ते गेले. संध्याकाळपर्यंत माळीवाड्यात सगळ्यांना कळणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मला गप्प बसवेना. "सोमवारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"दोन्ही जोडली की पडतं म्हणालास, तवाच."

"मग सांगायचं होतं! दोन वायरी उलट्या करायच्या, दोन मिनिटांचं काम!"

"सांगितलं आस्तं तर उलटी कशी झाली म्हणून इचारलं आस्तंस. हात दाखवाया लागला आस्ता." नाना हाताकडेच बघत होते. "मंगळवारी सांगणार व्हतो. तू भरीत घेऊन आलास. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच म्हटलं, उद्या सांगू."

"माझ्यासमोर तुम्ही घासही खाल्ला नाहीत."

"डाव्या हातानं कुणापुढं जेवायचं?"

यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा अभ्रा होता. "कापूस भर म्हणालात. माझ्या आईची उशी फाडली मी. ती गेल्यापासून हात लावला नव्हता तिला."

नानांनी मान वर केली. त्यांचं तोंड जरा वाकडं झालं, बहुधा त्या अर्धांगाच्या झटक्याचं राहिलेलं असेल.

"ते ठाव नव्हतं मला," ते म्हणाले.

मी स्पीकर गोणपाटात बांधला आणि निघालो. त्या दिवशी डबा मी नेलाच नव्हता.

रविवारी ट्रायलला मी दुसऱ्या खोक्याच्या वायरी उलट्या जोडल्या. पहिलाच ठोका दिला आणि मुकुंदशेठ माईक धरून मागे वळले. तो आवाज मी आयुष्यात पुन्हा तसा ऐकला नाही. पायाखालच्या फळ्यांतून वर यायचा, पोटात जाऊन बसायचा. ढोलकीवाला न सांगता माझ्याकडे सरकून बसला, कारण त्याला आता ताल कुठे टेकवायचा ते सापडत होतं. विनोदने डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि हसून मान हलवली.

"आता बेस आहे म्हणायचा," मुकुंदशेठ म्हणाले. "आठही कार्यक्रमांना तूच. काय केलंस रे?"

"वायर उलटी होती."

"बस एवढंच?"

"एवढंच."

सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. चहा झाला. मग जो तो आपापल्या घरी गेला. मी खोलीवर आलो, खाटेवर बसलो. इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगावं असं वाटत होतं. मेणबत्ती कशी हलली नाही, लाथ कशी मारली, पहिल्या ठोक्याला शेठ कसे वळले. ऑर्केस्ट्रातल्या लोकांना आवाज आला एवढं पुरे होतं, तो कसा आला यात त्यांना गम्य नव्हतं. हे सगळं ज्याला ऐकावंसं वाटलं असतं असा नगरमध्ये एकच माणूस होता.

सोमवारी संध्याकाळी मी माळीवाड्यात गेलो. दुकान उघडं होतं. फळ्या रिकाम्या होत्या, एका घरगुती पंख्याची मोटार तेवढी कोपऱ्यात पडली होती. नाना शाल न घेता बसले होते. मला वाटलं होतं, बघूनही न बघितल्यासारखं करतील.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. उभ्यानेच सांगत होतो, मग कधी स्टुलावर बसलो कळलं नाही. नाना मधे मधे विचारत होते. खालच्या तारेला आवाज फाटला नाही ना? मोठ्यानं वाजवलं तेव्हा कागद घासला नाही ना? मी नाही म्हणालो की त्यांची मान हलायची.

"कॉइल चांगली बसलीय," ते म्हणाले. "डाव्या हाताची आसली तरी."

"फारच चांगली बसलीय, नाना."

माझं चुकलं असं म्हणायला मी गेलो होतो. शब्द तयार होते. पण नाना इतके खूश दिसत होते की आता कशाला तो विषय काढायचा असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही. मी उठलो. तेव्हा नाना म्हणाले, "सुलभाला कळलं सगळं. ती ये म्हंतीय. मी अजून काय ठरवलं नाय. दुकान चालो न चालो, बसतो उघडून." आणि मग, "तू येशील का रं अधनंमधनं?"

"काम निघालं की येतो ना, नाना," मी म्हणालो.

दुकानदाराला गिऱ्हाईक जसं म्हणतं, तसं म्हणालो. चांगलंच बोललो असंही वाटलं मला. नाना म्हणाले, "बरं."

काम निघालं नाही. दुसऱ्यांचे स्पीकर एका सीझनमध्ये दोनदा जळायचे, माझा तो एक काही जळेना. आठ कार्यक्रम झाले, मग लग्नसराई झाली. मे महिन्यात नाना दुकान बंद करून श्रीरामपूरला गेल्याचं शेळक्यांकडून कळलं. पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. ऑर्केस्ट्रात मी आणखी तीन वर्षं वाजवलं. मग सगळीकडेच बेस कीबोर्डवर वाजायला लागला, आणि मुकुंदशेठनी मला अतिशय गोड गळ्याने ते सांगितलं. आता मी साठी ओलांडली आहे. दोन्ही खोकी खोलीत खाटेशेजारी आहेत.

पण त्या मार्च महिन्यातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. एका सुट्टीच्या दुपारी मी दुसरं खोकं एकटंच जोडलं, अँपचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला आणि खालची तार जोरजोरात छेडत राहिलो. शेजारच्या काकू दारात येऊन ओरडल्या, तरी थांबलो नाही. कॉइल तापल्याचा वास यायला लागला. मला ती जाळायची होती. अर्धा तास केलं असेल. जळली नाही.

मग मी तशीच सायकल काढली आणि माळीवाड्यात गेलो. कोपऱ्यावरून दुकान दिसत होतं. दार उघडं होतं आणि आत नाना रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मला बघितलं नव्हतं. माझ्या कॅरिअरवर काहीच नव्हतं. आत जाऊन काय म्हणायचं ते मला सुचेना, आणि मी सायकल वळवली.